बंदराचें नांव

इ. स. १९७६ च्या एप्रिल महिन्यांतील एके सकाळीं आमच्या वडिलांनीं वर्तमानपत्र हातीं धरून सबंध आळीस ऐकूं जाईल अशा आवाजांत बातमी वाचून दाखविली : पोर्ट ऑफ स्पेन येथें चौथ्या डावांत ४०३ धावांचें लक्ष्य भारतानें सहा गडी राखून गांठलें, गावसकर व विश्वनाथ ह्या दोघांचींही शतकें झालीं. आम्ही तेव्हां आठ वर्षांचे होतों. आनंदाचा भर ओसरल्यावर आम्हीं विचारलें, "अण्णा, स्पेन तर युरोपांत आहे. मग त्याच्या नांवाचें बंदर वेस्ट इंडीजमध्यें कसें? आणि तिथल्या मैदानाला राणीच्या बागेचें नांव कां?" वडिलांनीं नकाशाचें पुस्तक उघडून त्रिनिदाद बेटावर बोट ठेवलें व म्हणाले, "अरे, जो येतो तो आपली पाटी लावतो. आधीं स्पॅनिश आले, मागाहून इंग्रज. मालक गेले, पाट्या राहिल्या." हें उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षें पुरलें. आतां तें अपुरें कां वाटूं लागलें, हें सांगण्यासाठीं हा लेखप्रपंच.

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक. आमचें उच्च शिक्षण इंग्रजींतून झालें व इतिहासाचीं पुस्तकेंही बहुतेक इंग्रजीच वाचलीं. पंचवीसांहून अधिक वर्षें गुलामगिरीच्या उच्छेदाचा धडा आम्ही एकाच चालीवर शिकवीत आलों. त्याचा पहिला अंक स्पेनचा : कोलंबस, सोन्याची हांव व बेटांवरील मूळ रहिवाशांचा विध्वंस. दुसरा अंक इंग्लंडचा : विल्बरफोर्स, गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ चा कायदा, खुद्द गुलामगिरी मोडणारा १८३३ चा कायदा व त्यासाठीं पार्लमेंटानें मंजूर केलेले दोन कोटी पौंड. ह्या आंकड्यापाशीं आमचा आवाज किंचित् चढत असे. गेल्या वर्षीं ह्याच ठिकाणीं एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "सर, हे दोन कोटी पौंड गुलामांना मिळाले ना?" आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि म्हणालों, "पुढच्या तासाला सांगतों."

उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, असें नाहीं. ठाऊक होतें, परंतु तें वर्गांत आम्हीं कधीं मोठ्यानें उच्चारलें नव्हतें. ते पैसे मालकांस मिळाले होते.

त्या रात्रीं आम्ही त्रिनिदादचा इतिहास पुन्हां उघडून बसलों. कोलंबसानें १४९८ सालीं ह्या बेटाला नांव दिलें. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें तें स्पेनच्या ताब्यांत होतें. बेटाची वस्ती वाढावी म्हणून १७८३ सालीं स्पेनच्या राजानें फर्मान काढलें : कॅथलिक परदेशीयांनीं यावें व जमीन घ्यावी, गोऱ्या माणसागणिक जितकी जमीन, तिच्या निम्मी त्यानें आणलेल्या प्रत्येक गुलामामागें. अर्थात् ती जमीन गुलामाला नव्हे, त्याच्या मालकाला. ह्या आमिषानें मुख्यतः फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन आले. १७९७ सालीं इंग्रजांनीं बेट जिंकलें. निशाण बदललें, मळे, मालक व गुलाम जेथल्या तेथें राहिले. एवढेंच नव्हे, तर स्पेनचा कायदाही पुष्कळ वर्षें चालूं ठेवण्यांत आला.

तो कोणाच्या कामीं आला, हें लुईसा काल्देरोन ह्या मुलीच्या हकीकतीवरून कळतें. १८०१ सालीं चोरीच्या संशयावरून ह्या कोवळ्या वयाच्या मुलीला, मनगटानें टांगून व पाय एका खुंटीवर टेकवून, यातना देण्यांत आल्या. हुकूम इंग्रज गव्हर्नर पिक्टन ह्याचा. लंडनमध्यें त्याच्यावर खटला चालला, तेव्हां त्याचा बचाव असा कीं, स्पॅनिश कायद्यास यातना मान्य आहेत. १८०६ सालीं तो दोषी ठरला. पण फेरचौकशींत तो बचाव उपयोगी पडला व त्याला शिक्षा कधींच झाली नाहीं. स्पेनला क्रूर व इंग्लंडला न्यायी ठरविणारी आमची दोन अंकांची मांडणी ह्या एका खटल्यापुढें टिकत नाहीं. क्रौर्य करतांना स्पेनचा कायदा जवळचा वाटला, आणि श्रेय घेतांना मात्र इंग्लंडचें औदार्य!

आतां दोन कोटींचा हिशेब. ही रक्कम त्या वेळच्या ब्रिटिश सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारें चाळीस टक्के होती. साम्राज्यांतील सुमारें आठ लक्ष गुलाम मुक्त झाले, त्यांच्या हातीं त्यांतला एक पौंडही पडला नाहीं. उलट १८३४ पासून 'उमेदवारी'च्या नांवाखालीं त्यांना त्याच मालकांकडे आठवड्याचे बहुतेक दिवस बिनमजुरीनें राबावें लागलें; तें जोखड १८३८ सालीं सुटलें. भरपाईसाठीं काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ सालीं झाली. म्हणजे १९४८ नंतर वेस्ट इंडीजमधून इंग्लंडांत जाऊन राहिलेले गुलामांचे वंशजही, आपल्या पूर्वजांच्या मालकांना दिलेली किंमत करांच्या रूपानें फेडीत होते.

मुक्त झालेले लोक मळ्यांकडे पाठ फिरवूं लागले, तेव्हां मळेवाल्यांचें लक्ष आपल्या देशाकडे वळलें. ३० मे १८४५ रोजीं 'फतेल रझाक' हें जहाज हिंदी मजुरांना घेऊन त्रिनिदादास लागलें. १९१७ पर्यंत सुमारें १ लक्ष ४३ हजार माणसें तेथें गेलीं. करार पांच वर्षांचा. तो मोडल्यास तुरुंग. त्यांना आणण्याच्या खर्चाचा कांहीं भाग वसाहतीच्या तिजोरींतून, म्हणजे मुक्त झालेल्या लोकांच्या करांतूनही, भागविला गेला. आज त्या बेटावर सान फर्नांदो आहे, प्रिन्सेस टाऊन आहे, आणि फैजाबाद व बराकपूरही आहेत. पहिलीं दोन नांवें सत्तेनें दिलीं. शेवटचीं दोन घर सुटलेल्या माणसांची आठवण देतात.

ही पद्धत बंद करावी असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९१२ सालीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत मांडला. सरकारी बहुमतानें तो फेटाळला गेला. पांच वर्षांनीं भरती थांबली. गोखलेही प्राध्यापक होते व इंग्रजी ग्रंथांवरच वाढलेले होते. म्हणून "आमचें शिक्षणच तसें झालें" ही सबब आम्हांस पुढें करतां येत नाहीं.

पुढच्या तासाला आम्हीं वर्गास सांगितलें कीं, इतकीं वर्षें आम्हीं अर्धा धडा शिकविला. ती मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें वही उघडली व लिहून घेऊं लागली. आमच्या जुन्या टिपणांच्या प्रती आतां कोठें कोठें गेल्या असतील, कोण जाणे! आमचे कित्येक विद्यार्थी स्वतः शिक्षक आहेत, व त्या आंकड्यापाशीं त्यांचाही आवाज बहुधा चढत असेल.

कॅरिबियन देशांनीं २०१३ सालीं एकत्र येऊन भरपाईची मागणी मांडण्यासाठीं आयोग नेमला. त्यावर "इतक्या जुन्या गोष्टी आतां कशाला?" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. जें कर्ज २०१५ पर्यंत फेडलें जात होतें, तें जुनें कसें म्हणावें? वडील आज असते, तर त्यांच्या उत्तरांत आम्हीं एवढीच भर घातली असती : अण्णा, मालक गेले व पाट्या राहिल्या, हें खरें, पण जातांना ते हिशेबाची वही बरोबर घेऊन गेले, आणि आम्ही इतकीं वर्षें मुलांना नुसत्या पाट्या वाचून दाखवीत होतों.