आमच्या जीपचा जीर्णोद्धार

यंत्र म्हणून जी जी वस्तू आहे तिच्याशी आमचे फारसे कधी जमले नाही. शिवणाच्या यंत्राची सुई आमच्या हातून दोनदा मोडली आहे, आणि वर्गात भिंतीवर चित्रे दाखविण्याचे यंत्र सुरू करण्यास आम्हांस अद्याप पहिल्या बाकावरील विद्यार्थ्याचे साह्य घ्यावे लागते. तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकवून माणसास दुसरे काही येईनासे होते, अशी आमच्या सौभाग्यवतीची समजूत आहे. ती खोटी ठरविण्याचा योग आम्हांस आला नव्हता. अशा आमच्या दारात २०२२ च्या फेब्रुवारीत तीस वर्षांची एक जीप येऊन उभी राहिली.

जीप आमच्या थोरल्या बंधूंची. दादा गगनबावड्याच्या बाजूस डॉक्टर होते. त्या मुलखात पाऊस सुरू झाला म्हणजे वाड्यावस्त्यांच्या वाटा नाहीशा होतात, आणि आजारी माणसाकडे डॉक्टर पोहोचतो की नाही हे त्याच्या विद्येवर नव्हे, तर त्याच्या गाडीवर अवलंबून असते. २०२१ च्या पावसाळ्यात दादा गेले. वहिनी कोल्हापुरास मुलीकडे राहावयास आल्या आणि एके दिवशी आम्हांस म्हणाल्या, “भावोजी, भंगारवाला बावीस हजार देतो म्हणतो. तुम्हांला हवी असली तर न्या, नाहीतर मी देऊन टाकते. पण दारात उभी राहून कुजलेली मला बघवायची नाही.” यावर नको म्हणण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते. पैशाचे विचाराल तर तेही नव्हते. स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडाप्पा फुटला आहे. तो व त्याबरोबर बाकीचे स्वयंपाकघर नीट करण्यासाठी सौ.नी १ लाख २० हजार रुपये बाजूस ठेवले होते. “एवढ्यात बसवा, वर एक रुपया मिळणार नाही,” असे म्हणून त्यांनी ते आमच्या स्वाधीन केले. येथपर्यंत आमचे वर्तन सरळ होते.

गाडी होती महिंद्राची एमएम ५४०. जीपचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्यात. स्वातंत्र्यानंतर ती मुंबईस माझगावात जुळविली जाऊ लागली आणि पुढे तिने इकडचेच अन्न खाल्ले. आमच्या गाडीचे डिझेल इंजिन मुळात प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या नमुन्याचे. त्याच्या नावात ४.९० हा आकडा आहे. तो दशांश अपूर्णांक नसून चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर असा त्याचा अर्थ, हे कळले तेव्हा एखाद्या दुर्बोध ओळीचा अन्वय लागल्यासारखे वाटले. सकाळी हे इंजिन एकदम जागे होत नाही. आधी हीटर तापवावा, थोडे थांबावे, मग किल्ली फिरवावी; घाई केल्यास पांढरा धूर टाकून ते पुन्हा निजते. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे आहेत. एकाने पुढच्या चाकांसही शक्ती मिळते. दुसऱ्याने गाडीची गती फार मंदावते आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो. ह्या दुसऱ्या दांड्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

पहिला खर्च सरकारदरबारी झाला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. १९९२ सालच्या आमच्या गाडीची ती वेळ नेमकी २०२२ मध्ये आली. आणि मोटारीस पूर्वी ६०० रुपये असलेले हे शुल्क त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून ५,००० झाले होते. कर वेगळा. तपासणी मात्र जुन्या चाकांवर निर्विघ्न पार पडली, आणि आता गाडी निर्दोष आहे असा आम्ही सोयीस्कर समज करून घेतला.

उद्यमनगरात एका मिस्त्रींचे दुकान आहे. दादांची गाडी तेच पाहात. कोल्हापुरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना त्याची कल्पना देणे कठीण. एका बोळात लोखंड वितळते, दुसऱ्यात ते लेथवर फिरते, आणि जो भाग बाजारात मिळत नाही तो संध्याकाळपर्यंत घडवून देणारा कोणी ना कोणी तेथे असतोच. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी घातली, चासीवर हातोडीने दोन ठिकाणी वाजवून पाहिले, आणि म्हणाले, “सर, सांगाडा चांगला हाय. आधी ब्रेक उघडून बघू. टायर, रंग काय, कवाबी हुतंय.”

ते आम्ही ऐकावयास हवे होते. परंतु आमचा एक माजी विद्यार्थी अशा गाड्या घेऊन डोंगर चढण्याच्या नादातला आहे. त्याने आम्हांस ह्या छंदाचे सारे वाङ्मय ऐकविले: बोलेरोचे इंजिन बसवावे, पॉवर स्टिअरिंग लावावे, पाटे उंच करावेत. इंजिन बदलणे परवानगीवाचून होत नाही; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रूपात फरक करण्यावर कडक निकाल दिला. तेव्हा इंजिनाचा मोह सुटला. पण रुंद, खोल खोबणीच्या, एकतीस इंची टायरांचा मोह सुटला नाही. मिस्त्री पुन्हा एकदा ब्रेक म्हणाले. आम्ही “पुढच्या महिन्यात पाहू” म्हणालो. पाच टायर व त्यांना लागणारी चाके मिळून ६१ हजार गेले, हिरव्या रंगास १८ हजार, पुढच्या दोन मोठ्या दिव्यांस ४ हजार. गाडी दिसावयास विलक्षण देखणी झाली. महाविद्यालयाच्या आवारात मुले तिच्याशेजारी उभी राहून छायाचित्रे काढीत, आणि आम्ही शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून ते पाहात असू. ब्रेकच्या ड्रमाचे छायाचित्र कोण काढणार?

जुलैत दादांचे वर्षश्राद्ध होते. आमचे मूळ गाव घाटाखाली, वैभववाडीच्या बाजूस. वहिनींनी त्याच गाडीतून जाण्याची इच्छा दर्शविली. आम्ही, सौ. आणि वहिनी असे तिघे निघालो. गगनबावड्यापर्यंत पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. दोन ठिकाणी ओढ्याचे पाणी रस्त्यावर आले होते, त्यातून नव्या टायरांनी पाणी उडवीत आम्ही गेलो आणि मनात किंचित फुगलोही. करूळ घाट उतरू लागलो तेव्हा धुके होते. आम्ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवर ठेवला, आणि शहरातील माणूस उतारावर जे करतो तेच करीत राहिलो.

चौथ्या की पाचव्या वळणावर ब्रेक लागेनासा झाला. पाय खाली जाई, जळक्या रबराची घाण येई, आणि गाडी आपल्या वेगाने पुढे चाले. त्या वेळी आम्ही काय काय विचार केला हे सांगण्याचा साहित्यिक मोह होतो, पण खरे सांगावयाचे तर विचार असा काहीच केला नाही. गिअर कसाबसा दुसऱ्यात ढकलला, इंजिन किंचाळले. मग हातब्रेक ओढला. ह्या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर असतो. तो पायाच्या ब्रेकबरोबर तापलेला नव्हता म्हणून लागला. सुदैवाने डोंगर आमच्या बाजूस होता. डावी चाके गटारात उतरली, नवा हिरवा रंग कातळास घासला आणि गाडी थांबली.

सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मांडीवरील श्राद्धाच्या सामानाची पिशवी सरळ केली. थोड्या वेळाने मागून वहिनींचा आवाज आला, “भावोजी, हे इथं नेहमी थांबून तो आखूड दांडा टाकायचे. मग पाय ब्रेकवर ठेवावाच लागायचा नाही.”

तीस वर्षे त्या बाई दादांच्या शेजारी बसून हा घाट उतरल्या होत्या. यंत्रातले त्यांना आमच्याइतकेच कळत होते, पण त्यांनी पाहिले होते. अर्धा तास थांबून, ड्रम निवल्यावर, आम्ही दोन्ही आखूड दांडे टाकले. गाडी पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने, इंजिनाच्याच धाकात, अखेरपर्यंत खाली उतरली. ब्रेकला पाय लावण्याची गरज क्वचित पडली. श्राद्धास उशीर झाला, गुरुजी रागावले.

परत आल्यावर मिस्त्रींनी चारही ड्रम उघडले. लायनर झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. एका चाकाच्या सिलिंडरातून तेल पाझरून लायनरवर आले होते. दोन ड्रमांचा वाटोळेपणा गेला होता. ब्रेकला जोर देणारा बूस्टर होता, पण त्याला हवा ओढून देणारा पंप केव्हाच निकामी झाल्याने तो नावापुरता उरला होता. डिझेल इंजिनात तो पंप वेगळा लागतो, हे ज्ञान आम्हांस त्या दिवशी झाले. त्यात आमच्या मोठ्या टायरांनी भर घातली होती. ड्रम तेवढाच राहिला आणि चाक वाढले, म्हणजे तोच ब्रेक जमिनीपाशी कमी पडतो. वर टायराचे वजन जास्त. मिस्त्रींनी एक झिजलेला ब्रेक शू आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब ह्ये दर दोन वर्सांनी बदलायचं. शेवटची चार वर्सं त्यांना आनायला जमलं न्हाई गाडी.” शेवटची चार वर्षे दादांची प्रकृती कशी होती हे आम्हांस ठाऊक होते, ती त्यांच्या गाडीतही उतरली असेल असे मात्र कधी मनात आले नव्हते. ह्या काळात आम्ही त्यांना किती वेळा भेटावयास गेलो, हा हिशेब आम्ही तेथे मनात करू लागलो आणि सोडून दिला.

टायर व चाके आमच्या त्याच विद्यार्थ्याने ४० हजारांस घेतली. २१ हजार आमच्या हौसेचे झाले. पूर्वीच्या मापाचे अरुंद टायर २४ हजारांत नवे आणले. त्यांचीही एक गंमत कळली. घाटातील लाल चिखल वरवर असतो. अरुंद टायर तो कापून खालच्या घट्ट जमिनीस भिडतो, तर रुंद टायर पुष्कळदा वरच तरंगतो. दादांची गाडी रुतल्याचे कोणास आठवत नाही, त्याचे कारण हे असावे.

ब्रेकचे काम आम्ही तेथे बसून पाहिले. लेथवर ड्रम फिरू लागला तेव्हा प्रथम पाते एकाच बाजूस खरवडे, दुसऱ्या बाजूस स्पर्शही नाही. हळूहळू सगळीकडून सारखा चकाकता धागा निघू लागला. शू, सिलिंडर, नळ्या, पंप धरून १९ हजार. स्टिअरिंग आणि किंगपिन यांस ११ हजार. स्टिअरिंग एकदम लोण्यासारखे झाले नाही, पण पूर्वी पाव फेरा फिरवल्यावर चाकांस जी बातमी लागे ती आता लगेच लागते. डिझेलचा पंप व नोझल तपासून घेण्यास १४ हजार, आणि रेडिएटर व वायरी यांस साडेदहा. ह्यातील एकही गोष्ट बाहेरून दिसत नाही. डाव्या बाजूचा घासलेला रंग तेवढा दिसतो. तो तसाच ठेवला आहे, कारण रंगासाठी पैसे उरले नाहीत.

एकूण आकडा ठरलेल्या रकमेपेक्षा साडेसहा हजारांनी वर गेला. तो आम्ही परीक्षेचे पेपर तपासल्याच्या मानधनातून भागविला आणि घरात हिशेबाचा कागद दाखविला. सौ.नी तो वाचून टायरांच्या ओळीवर बोट ठेवले, आणि घडी घालून परत दिला.

आता वर्षातून एकदा श्राद्धास त्याच गाडीने जातो. घाटाच्या तोंडाशी थांबून दांडा टाकावयाचा, हे वहिनी आम्हांस आठवण करून देतातच. आम्ही आधीच टाकला असला तरी देतात. गेल्या पावसात मागच्या ताडपत्रीस दोन ठिकाणी भोके पडली व वहिनींची पाठ भिजली. नव्या ताडपत्रीचा अंदाज मिस्त्रींनी सांगितला आहे. ओट्याचा कडाप्पा अद्याप फुटलेलाच असल्यामुळे तो आकडा आम्ही घरात अजून बोललेलो नाही.