हातभर अंतर

अल्पाकाला हात लावून घेणं आवडत नाही. हे वाक्य रंगवून फाटकावर टांगावं, असं आमच्या घरात दर उन्हाळ्यात ठरतं आणि राहून जातं. मेलबर्नहून रविवारी येणाऱ्या पाहुण्यांची पोरं गाडीतून उतरतात तीच हात पसरून. त्यांचा तरी काय दोष! टपोरे डोळे, कपाळावर आलेली लोकर, आणि ओठांची ठेवण अशी की जनावर कायम हसतंय असंच वाटावं. पोरं धावतात, अल्पाका तेवढाच मागे सरकतो. पोरं थांबली की तोही थांबतो. मग पाहुण्यांचा प्रश्न येतो, "अजून माणसाळले नाहीत वाटतं?"

माणसाळून सहा-सात हजार वर्षं झाली. अँडीजच्या उंच पठारावरच्या विकुन्या ह्या सडपातळ रानटी जनावरापासून तिथल्या लोकांनी हे पाळीव जनावर घडवलं. आजही जगातले बहुतेक अल्पाका पेरूतच आहेत. तिथले मेंढपाळ त्यांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात. पण त्यांना अल्पाका हवा होता लोकरीसाठी आणि मांसासाठी. कुशीत येऊन बसावं अशी अपेक्षा त्याच्याकडून कुणी केलीच नाही, आणि त्यानंही ती सवय लावून घेतली नाही.

आमचं शेत बॅलरॅटच्या बाहेर, थोडक्या एकरांचं. त्यावर डझनभर अल्पाका, थोड्या कोंबड्या आणि आम्ही. माझे सासरे माण तालुक्यातले, मेंढरांत वाढलेले. इथे आले तेव्हा खुर्ची टाकून कुंपणाशी बसून राहायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, हे मेंढराच्या जातीचं न्हाई. मेंढरू कळपाच्या डोक्यानं चालतं. ह्यातलं परत्येक आधी सवताचा इचार करतंय, मग कळपाकडं बघतंय." मामंजींनी पुस्तक न उघडता जे ओळखलं, ते शिकायला मला बराच काळ लागला. नावंही त्यांनीच ठेवली, त्यामुळे आमचा कळप जुन्या वाड्यातल्या माणसांचा वाटतो.

गोदाक्का सगळ्यांत म्हातारी, पांढरी. ती हातभर अंतरावर येऊन उभी राहते, मान लांब करून तुमचं तोंड हुंगते आणि तुमच्या श्वासावरून काय ते ठरवते. हुंगून घ्यावं, हात उचलू नये. तपकिरी बायजाची हद्द तीन पावलांची. ती ओलांडली की कान मागे, हनुवटी वर. शकू सगळ्यांपासून लांब, उंचवट्यावर उभी असते. माणसाला ती गवताइतकीच किंमत देते, पण कोल्हा सगळ्यांत आधी तिलाच दिसतो. मग गंजलेला रहाट कुणी जोरात फिरवावा तसा तिचा आवाज शेतभर घुमतो आणि सगळा कळप एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो. खच्ची केलेल्या तात्याला मात्र अंतर म्हणजे काय हेच ठाऊक नाही. नवी बादली, गाडीचं उघडं दार, प्लंबरची पिशवी, सगळीकडे ह्याचं नाक पहिलं. पाहुण्यांना तो प्रेमळ वाटतो. तो प्रेमळ नाही, चौकस आहे. हात लावायला गेलात की तोही मान चुकवतोच.

थुंकण्याबद्दल लोक फार विचारतात. अल्पाका मुख्यतः एकमेकांवर थुंकतात, तेही बहुधा खाण्यावरून. गव्हाणीत लसूणघास पडली आणि कुणी बायजाच्या पुढ्यात तोंड घातलं, की आधी नुसती फुंकर, मग तोंडातलं गवत, आणि अगदीच ऐकलं नाही तर पोटातून आलेलं हिरवं, आंबूस पाणी. त्याचा वास कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. पण ते पाणी थुंकणारीलाही बाधतं. खालचा ओठ लोंबकळत ठेवून बायजा बराच वेळ उपाशी उभी राहते. तोंडाची चव गेलेली असते. म्हणून शहाणे अल्पाका फुंकरीवर भागवतात. गाभण मादीजवळ नर आणला तर मात्र अत्यंत सोशीक मादीही थुंकून त्याला हाकलते. साडेअकरा महिन्यांच्या गाभणपणाची पहिली खूण आम्हाला अशीच मिळते.

स्वभाव ओळखण्याची खरी गरज पडते ती कामाच्या वेळी. दर दोन-तीन महिन्यांनी नखं कापायची असतात, लस टोचायची असते. मोकळ्या रानात पाठलाग केला तर अल्पाका हाती लागत नाही आणि पुढच्या वेळी कुंपणाजवळही येत नाही. म्हणून छोट्या वाड्यात दोघा-तिघांना एकत्र घ्यायचं. समोरून जायचं नाही, डोळ्याच्या जरा मागे, बाजूला उभं राहायचं. मानेला मिठी मारायची नाही. जबड्याच्या मागे हलका हात ठेवून त्याला त्याच्या चार पायांवर तोल सांभाळू द्यायचा. मार्टी मॅक्गी बेनेट ह्या अमेरिकन बाईंनी ही पद्धत जगभरच्या अल्पाकावाल्यांना शिकवली. तोल गेला की भीती, भीती वाटली की लाथ, आणि लाथ बसली की आपण म्हणणार, 'ही द्वाडच आहे.'

म्होरकीचंही तेच. अल्पाकाच्या नाकाचं हाड आखूड असतं, त्यापुढे नुसती मऊ कूर्चा. हे जनावर श्वास घेतं मुख्यतः नाकानं. म्होरकीचा पट्टा घसरून कूर्चेवर आला की त्याचा जीव गुदमरतो, आणि ते झटके देतं, आडवं पडतं. पट्टा डोळ्यांच्या जवळ, हाडावर बसवला की तेच जनावर मुकाट्यानं चालू लागतं. आडदांड म्हणून विकायला काढलेल्या कित्येक अल्पाकांचा दोष त्यांच्या म्होरकीत असतो, असं माझं ठाम मत आहे. पण सगळं खापर म्होरकीवर फोडताही येत नाही. नखं कापताना गोदाक्का एकेक पाय देते. बायजा पाय दुमडून खाली बसते आणि उठत नाही. बसली तर बसल्याजागीच कापायची.

लोकर कातरायचा दिवस वसंतात, म्हणजे इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कातरणारा आपली यंत्रं घेऊन येतो. पुढचे-मागचे पाय दोरांनी ताणून जनावर आडवं धरतात, थुंकी अंगावर येऊ नये म्हणून नाकावर जुना मोजा चढवतात. त्या दिवशी सगळे अंदाज चुकतात. अंतराचं सोवळं पाळणारी शकू निपचित पडून राहते आणि सलगी करणारा तात्या गाव गोळा करतो. लोकर उतरल्यावर सगळे बोडके, लांबमाने होऊन एकमेकांना हुंगत फिरतात, जणू ओळख नव्यानं करून घ्यायची आहे.

सगळ्यांत कठीण असतं बाटलीवर वाढवलेलं नर पिल्लू. आईला दूध आलं नाही की बाटली द्यावीच लागते. सहा-सात किलोचं ते लोकरीचं गाठोडं मांडीवर घ्यावंसं कुणाला वाटणार नाही? पण माणसाच्या मांडीवर वाढलेला नर माणसालाच अल्पाका समजतो. वयात आला की दुसऱ्या नराशी करावं तेच तो तुमच्याशी करतो: छातीनं धडक, मानेनं दाबणं, गुडघ्याला चावा. म्हणून आमच्याकडे नियम कडक आहे. दूध पाजायचं, उठायचं, निघायचं. लाडानं बोलायचं नाही, रात्री घरात आणायचं नाही, कळपातच ठेवायचं. माझ्या लेकीला हा नियम क्रूर वाटतो. तिला क्रूर वाटतो म्हणूनच बाटली धरायला मी तिला क्वचितच पाठवते.

आणि हे अंतर नुसतं शिष्टाचाराचं नसतं. अल्पाका दुखणं लपवतो. दाट लोकरीखाली तो किती वाळलाय ते दिसत नाही. पाठीच्या कण्यावर बोटं दाबून पाहावं लागतं, खालची पापणी ओढून जंतांमुळे रक्त कमी झालंय का ते बघावं लागतं. हिवाळ्यात ऊन तिरपं पडतं आणि गडद रंगाच्या पिल्लांना ड जीवनसत्त्व कमी पडून चालणं अवघड होतं. पण ह्या सगळ्याच्या आधी कळतं ते अंतरावरून. शकूनं कधी मला जवळ येऊ दिलं, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती हलली नाही, तर मी पशुवैद्याला फोन लावते. पाहुण्यांना वाटतं, अखेर माया लागली. मला घाम फुटतो.

गेल्या पावसाळी थंडीत शेजारच्या मेंढीवाल्याला कोल्ह्यांपासून कोकरं राखायला अल्पाका हवे होते. १८५८ मध्ये चार्ल्स लेजर नावाच्या माणसानं पेरूची निर्यातबंदी चुकवून अल्पाका, लामा वगैरे अडीचशेच्या वर जनावरं सिडनीला आणली, तेव्हा ह्या देशात कोल्हा धड रुजलाही नव्हता. लेजरला लोकरीचा धंदा हवा होता, तो बसला नाही. आता इथे बरेच अल्पाका रखवालीच्या कामावर असतात. एकट्या कोल्ह्याला ते पुरून उरतात. रानकुत्र्यांच्या टोळीपुढे मात्र त्यांचंच काही खरं नसतं. शेजारी म्हणाला, "तुझ्यातले सर्वांत भांडखोर दोन दे." भांडखोर असतात ते आपसात, गव्हाणीवर. मी कुंपणापलीकडून त्याचा कुत्रा चालवायला सांगितला आणि बघत राहिले. बाकीचे मागे सरले. दोन खच्ची नर दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. ते दोघे दिले. जाताना सांगितलं, दोघांना वेगळं करू नकोस, आणि लाल कानवाल्याच्या उजव्या बाजूनं जा, डाव्या बाजूनं तो कुणालाच येऊ देत नाही.