पुढचा भाग कुठे घडणार?

गोष्ट वाचून संपली की आपण विचारतो, ‘पुढे काय झालं?’ पण काही खेळ असे असतात, की त्यांचे चाहते आधी वेगळंच विचारतात. ते म्हणतात, ‘पुढचा भाग कुठे घडणार?’

मी बोलतोय संगणकावरच्या आरपीजी खेळांबद्दल. आरपीजी म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. योद्धा व्हा, जादूगार व्हा आणि एका काल्पनिक देशात मनाला येईल तिकडे भटका! ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही त्यातली गाजलेली मालिका. तिचा पहिला खेळ १९९४ साली आला आणि पाचवा, ‘स्कायरिम’, २०११ साली. (आई-बाबांसाठी सांगून ठेवतो: स्कायरिम हा सतरा वर्षांपुढच्यांचा खेळ आहे. पण त्याच्या नकाशाबद्दल गप्पा मारायला वयाची अट नाही!)

या मालिकेची गंमत अशी, की खंड एकच, टॅम्रिएल. पण कथा नव्या नव्या प्रांतांत फिरते. २००२ चा ‘मोरोविंड’ ज्वालामुखीच्या बेटावर घडतो. २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’ साम्राज्याच्या मधोमध. स्कायरिम उत्तरेकडच्या बर्फात. मग सहावा कुठे? जून २०१८ मध्ये बेथेस्डा कंपनीने जेमतेम अर्ध्या मिनिटाची झलक दाखवली. धुकं, डोंगर, समुद्रकिनारा आणि खेळाचं नाव. बस्स! प्रांत कोणता, ते काही सांगितलं नाही.

झालं! जगभरचे चाहते कामाला लागले. त्यात आमच्या शेलारचा माझा भाचाही आला. तो नववीत आहे. खेळ त्याच्याकडे नाही, पण ती झलक त्याने थांबवून थांबवून इतक्यांदा पाहिलीय की विचारू नका.

‘मामा, बघ,’ तो मला समजावत होता. ‘घनदाट जंगल दिसत नाही, म्हणजे व्हॅलनवूड नाही. दलदल नाही, म्हणजे ब्लॅक मार्श नाही. उघडे डोंगर आणि शेजारी समुद्र. म्हणजे हॅमरफेल, नाहीतर हाय रॉक!’ हे दोन प्रांत एका आखाताच्या दोन काठांवर आहेत. १९९६ चा ‘डॅगरफॉल’ त्याच आखाताभोवती घडला होता. म्हणजे पोराचा तर्क हवेतला नाही. जगभरचे पुष्कळ चाहतेही हेच म्हणतात.

मला त्याची ही पद्धत आवडली. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणणं वेगळं आणि पुरावा पुढे ठेवून अंदाज बांधणं वेगळं. अंदाज बांधणारा कारण सांगतो, आणि उद्या नवा पुरावा आला तर अंदाज बदलतोही. अफवा पसरवणारा यातलं काहीच करत नाही. खरं ना?

मग मी सहज विचारलं, ‘समजा, एखाद्या खेळाचा पुढचा भाग शेलारमध्ये घडवायचाय. तर?’

तो हसला. ‘मामा, इथे काय आहे? लूम, गोडाऊन आणि ट्रॅफिक!’

तुम्हालाही हसू आलं असेल. मला मात्र आलं नाही. कारण गेल्याच वर्षी दाजींनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, आपले चारही माग भंगारात विकले. ज्या खटखटीवर हे पोरगं लहानपणी झोपी जायचं, तीच बंद झाली. तेव्हापासून ‘इथे काय आहे?’ हे वाक्य त्याच्या तोंडी फार येतं.

म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, ‘तुझ्याच पद्धतीने बघू. पुरावे गोळा कर.’

चांगली काल्पनिक भूमी कशी बनते? नुसत्या देखाव्याने नाही. मोरोविंडमध्ये ज्वालामुखी आहे, म्हणून राखेची वादळं आहेत. लोकांची घरं, रस्ते, भीती, श्रद्धा, सगळ्यांवर त्या डोंगराची सावली आहे. जमीन माणसांना घडवते, आणि माणसं जमिनीला. आता हीच फूटपट्टी शेलारला लावा.

शेलार भिवंडीला खेटून, वाड्याच्या रस्त्यावर. जवळून कामवारी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. त्या खाडीच्या मुलखाचं महत्त्व किती? शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे कल्याणच्या खाडीकाठी स्वराज्याची जहाजं बांधली जाऊ लागली! भिवंडीच्या दुसऱ्या अंगाला लोनाडची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. आणि वाड्याच्या रस्त्याने अंबाडीवरून वज्रेश्वरीला गेलात तर? जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं! तिथलं देऊळ किल्ल्यासारखं उंचावर. १७३९ साली वसई जिंकणाऱ्या चिमाजीअप्पांच्या नवसाशी ते जोडलेलं आहे.

लेणी, गरम झरे, आरमार... आणखी काय हवं? हे सगळं एका दिवसाच्या प्रवासात!

‘पण हे कोण खेळात घालणार?’ भाच्याने विचारलं. मी त्याला ‘राजी’ची आठवण करून दिली. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ती कथा. आरपीजी नाही, पण त्यातले महाल राजस्थानच्या वास्तूंवरून सुचलेले आहेत. कुणीतरी ते आधी डोळे भरून पाहिले, म्हणूनच ते खेळात आले.

आणि खेळाला हवं एक संकट. तेही आमच्याकडे आहे. कामवारीचं पाणी आज पिण्यासारखं राहिलेलं नाही. तो राक्षस तलवारीने मरणारा नाही. तो कुठून येतो, हे नायकाला काठाकाठाने चालतच शोधावं लागेल.

दोन दिवसांनी भाच्याने मला नकाशा दाखवला. वहीच्या जोडपानावर नदी, खाडी, लेणी, झरे. नायक म्हणून त्याने योद्धा निवडला नव्हता. त्याची नायिका होती कांडी भरणारी मुलगी. तिला डोळे मिटूनसुद्धा गल्ल्या ओळखता येतात, कारण प्रत्येक कारखान्याच्या मागांचा आवाज तिला पाठ आहे. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. मग ती वाट चुकते, आणि तिथेच खेळाला सुरुवात होते!

नकाशात शेलारच्या जागी चार छोटे चौकोन होते. मी काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, ‘हे चार माग चालू आहेत, मामा. इथे आली की तिला वाट सापडते.’

सहावा खेळ हॅमरफेलमध्ये घडेल की हाय रॉकमध्ये, ते कळेल तेव्हा कळेल. तोवर तुम्ही एक करा. वही घ्या आणि तुमच्या गावाचा नकाशा काढा. नदी कुठून येते? सगळ्यात जुना दगड कुठला? कोणता आवाज बंद पडला, तर तुम्ही वाट चुकाल? आजी-आजोबांना विचारा, त्यांना जास्त ठाऊक असतं. आणि ‘आमच्या गावात काय आहे?’ असं कुणी म्हणालं, तर वही उघडून त्याच्यापुढे ठेवा.