कंबर नसलेलें वय

लहान मुलाला पोट असतें, कंबर नसते. पण हें शिंप्यांच्या लक्षांत सहसा येत नाहीं. शाळेंत कविता म्हणतांना माझा एक हात सदैव चड्डीवर असे आणि गुरुजींना तो उद्धटपणा वाटे. पट्टे लावले, तर ते खांद्यांवरून घसरत. करदोड्यांत खोवलेली कड धांवतांना सुटे. अखेर कामठ्यास आजीनें बंडीच्या खालीं चार गुंड्या लावल्या आणि चड्डीला चार काजें केलीं. सारा भार खांद्यांवर गेला! पुढें इंग्रजी चित्रांत पाहतों, तों १७९० च्या सुमारास तिकडील मुलांच्या विजारीही आखूड जाकिटाला अशाच गुंड्यांनीं जोडलेल्या. आजीला मात्र अक्षरओळखही नव्हती. दुसऱ्या दिवशीं मी दोन्ही हात मोकळे सोडून कविता म्हटली. दोन ओळी विसरलों, एवढेंच.