किलोच्या भावाने गेलेली खुकरी

मागच्या आठवड्यात जालन्यात एका भंगारवाल्याकडे बातमीसाठी गेलो होतो. गंजक्या पत्र्यांत एक खुकरी दिसली. पात्यावर पुसट देवनागरी अक्षरं. मालक म्हणाला, "आजोबा फौजेत होते म्हणे, नातवाने आणून टाकली. घेता का साहेब? किलोचा भाव."

नाही घेतली. घरात हत्यार, उद्या पोलीस आले तर? दोन दिवसांनी राहवेना म्हणून गेलो, तर माल भट्टीला गेलेला. आता तिची सळई झाली असेल.

मंडळी, काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या खुकऱ्यांवरची देवनागरी अक्षरं परदेशातले संग्राहक शिकून वाचतात. म्यानातली कर्दा ही छोटी सुरी नि सोबतची चकमकही जपतात.

आणि आपण? आपल्याच जालना जिल्ह्यात असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची वेलस्लीशी लढाई झाली. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवा, असा १८७८ पासून कायदा आहे. किती जणांना माहीत आहे?

माळ्यावर जुनं पातं असेल तर भंगारात घालू नका. कुणाचं, कुठून आलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. फोटो काढा. परवान्याचं पोलीस ठाण्यात विचारा.

मी पत्रकार असून फोटोसुद्धा काढला नव्हता.