मागची सीट

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग कधी रिकामा जात नाही. एसटी चुकलेली किंवा ज्यांच्या पाड्यापर्यंत एसटी कधी आलीच नाही अशी माणसं फाट्याफाट्यावर उकिडवी बसलेली असतात आणि जीपचा आवाज आला की उठतात. समोरासमोरच्या बाकांवर चार-चार जण, मधे पोती, पोत्यांवर पोरं, पाटीत पाय बांधलेली कोंबडी, मागच्या पायरीवर लटकलेले दोघं-तिघं. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, त्याच्या आणि दाराच्या मधल्या वीतभर जागेतही एक जण बसतो. मी ते डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

आणि अशा मुलुखात मी माझ्या गाडीची मागची सीट आडवी करून तिथं पलंग थाटायला निघालो होतो.

हौस जुनीच. नाशिकहून त्र्यंबक ओलांडलं, तोरंगणचा घाट उतरला की हवा बदलते. डोंगर उघडे होतात, मातीला तांबूस रंग चढतो, पुढं मोखाडा, तिथून विसेक-पंचवीस किलोमीटरवर जव्हार. वाट वाकडी करून खोडाळ्याकडं वळलं तर सूर्यमाळ. जव्हारला मुक्कामाला लॉज आहेत, नाही असं नाही. पण सूर्यमाळच्या पठारावरची पहाट लॉजच्या खिडकीत येत नाही. दाभोशाचा धबधबाही पावसाळा सरता सरता, माणसं नसताना सकाळी सातला पाहावा. दुपारी पाहायचा तो दरीकाठचा बाजार. तंबू माझ्याकडं होता, पण कोकणच्या या अंगाला तंबूत भुईवर निजायची माझी छाती नाही. मण्यार रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला पांघरुणातच चावते आणि ते चावणं इतकं हलकं असतं की बऱ्याचदा झोपलेल्याला कळतही नाही. दीड हात उंचीवर, पत्र्याच्या आत झोपणं यात चैन कमी, शहाणपण जास्त.

तर मोजमापं घेतली. मागची सीट दुमडली, पुढची पार पुढं सरकवली, तेव्हा मागच्या दारापासून सहा फूट भरले. पण दुमडलेली सीट सपाट होत नाही, तिला उतार राहतो. त्या उतारावर गादी टाकून झोपणारा माणूस पहाटेपर्यंत पायाशी गोळा होतो. म्हणून खाली चौकट, वर फळी. मिस्त्री म्हणाले, "साहेब, अठरा एमएमची प्लाय घेऊ, हत्ती नाचला तरी मोडणार नाही." हत्ती नाचणार नव्हता. आठ बाय चारची अठरा एमएमची एक शीट तीस किलोच्या वर भरते आणि ते ओझं घाटात दर वळणावर आपल्याबरोबर वळतं. बारा एमएमवर भागवलं, खाली आडव्या पट्ट्या दिल्या.

खरी ओढाताण उंचीची. फळीखाली सामानाला जितकी जागा द्यावी तितकी ती डोक्यावरून जाते. उठून बसता आलं नाही तर सदरा बदलायला सर्कस करावी लागते, आणि पावसाळ्यात जव्हारला सदरा दिवसातून तीनदा बदलावा लागतो. दहा इंचांवर तह झाला. दहा इंचांत चॅनेलवर सरकणारे दोन खण बसले: एकात भांडीकुंडी, डाळ-तांदूळ, मिसळणाचा डबा, दुसऱ्यात दोऱ्या, टॉर्च, हवा भरायचा पंप. खणांना कडी हवीच. घाट चढताना कडी नसलेला खण आपणहून उघडतो आणि वाटीचमच्यांची पालखी निघते. पाच किलोचा छोटू सिलिंडर दहा इंचांत मावत नाही. मावला असता तरी पाठीखाली गॅस ठेवून झोपायला मन घेत नाही. कॅनवाली छोटी शेगडी मागचं दार उघडून बाहेर, वारा नसलेल्या बाजूला पेटवायची. आत कधीही नाही. इंजिन चालू ठेवून, काचा लावून एसीत झोपण्याचाही मोह नको, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली, त्यावर मच्छरदाणीचं कापड. तेवढीही फट ठेवली नाही तर दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासाचं पाणी होऊन सकाळी काचांवरून ओघळतं आणि गोधडी आंबूस होते.

कायद्याचं कलमही पाहून ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठाशीवपणे सांगितलं. आसनं किती, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून माझा हट्ट असा की कुठं भोक पाडायचं नाही, सीट मुळातून उपटायची नाही, चौकट पट्ट्यांनी आवळायची आणि अर्ध्या तासात सगळं खाली उतरलं पाहिजे. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण काढलं, पण ते स्वयंपाकघर-न्हाणीघरवाल्या मोठ्या गाड्यांचं. आपण गरीब. गरिबांसाठी खरा धडा जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं घालून दिलेला आहे. १९५१ मध्ये त्यांनी फोक्सवॅगनच्या गाडीत ठेवायची एक पेटी काढली. आठवडाभर गाडी मालवाहतूक करी, शनिवारी पेटी आत गेली की बिऱ्हाड तयार, सोमवारी पेटी बाहेर. युद्धानंतरच्या काटकसरीतून आलेली ही अक्कल आजच्या फिरत्या राजवाड्यांपेक्षा मला अधिक जवळची वाटते.

पलंग झाला. आता तो उभा कुठं करायचा?

मोबाइलमधल्या नकाशावर मोकळी दिसणारी जागा इथं मोकळी नसते. दिवाळीच्या सुमारास सपाट, स्वच्छ, शेणानं सारवलेलं अंगण माळावर एकटंच दिसतं आणि गाडी आपोआप तिकडं वळू लागते. ते खळं असतं. त्यावर नागली-वरईची मळणी व्हायची असते, चाक तर सोडाच, चपलाही घालून जायचं नसतं. उन्हाळ्याच्या तोंडी शेताच्या कोपऱ्यात काळा जळका चौकोन दिसतो, तो राब. पावसाळ्याचं बी त्यात पडायचं असतं. फाल्गुन-चैत्रात झाडाखालचा पालापाचोळा कुणीतरी झाडून लख्ख केलेला असतो. अशा झाडाखाली गाडी लावलीत तर उत्तररात्री टपावर टप्-टप् सुरू होतं. मोहाची फुलं. आधी वाटतं, पाऊस आला. मग तो गोड, थोडा आंबट, थोडा जुनाट वास काचेच्या फटीतून आत येतो आणि झोप उडते ती चांगल्या अर्थानं उडते. पण उजाडता उजाडता टोपल्या घेऊन बायका-पोरं येतात. ते झाड त्यांच्या घरचं असतं, ती झाडलेली भुई त्यांची, आणि तिच्या मधोमध तुमचं बिऱ्हाड. गाडी काढावी, माफी मागावी, शक्य तर चार ओंजळी वेचू लागावं. आणि मुळात आदल्या संध्याकाळीच पाड्यात जाऊन विचारावं. राखीव जंगलात तर वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्कामाचा विचारच नको.

विचारलं की जागा मिळते, आणि जागेबरोबर प्रेक्षकही. पोरं खण उघडून-मिटून पाहतात. पुरुष चाकं पाहतात, ॲव्हरेज विचारतात. एका आजीनं मागच्या दारातून वाकून पलंग, उशी, छताला लावलेला दिवा, सगळं नीट न्याहाळलं. या भागात लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात.

"येवढ्या गाडीत एकलाच निजतोस?"

"हो आजी."

"आन् घरची?"

"घरी आहेत."

तिनं काही म्हटलं नाही. माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात हेवा नव्हता, रागही नव्हता. बहुधा कीव होती.

तिची नजर समजायला दिवाळीनंतर या रस्त्यावर यावं लागतं. भात घरात आलं, ते पुरणार नाही हे कळलं, की पाड्यापाड्यांतून टेम्पो भरू लागतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूच्या वीटभट्ट्या, रेतीची आणि बांधकामाची कामं. हौदात भांड्यांची बोचकी, गोधड्या, तांदळाचं पोतं, चुलीवरचा तवा, कोंबड्या, कधी एखादी शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. सगळं बिऱ्हाड एका गाडीच्या मागच्या भागात. काय घ्यायचं, काय मागं ठेवायचं, पोराला कुठं निजवायचं, पाण्याचा हंडा हिंदकळणार नाही असा कुठं रोवायचा, या विद्येत इथल्या बायकांनी मला हसतहसत हरवलं असतं. त्यांच्या टेम्पोत मी एकदाही फुकट गेलेली जागा पाहिली नाही. माझ्या दोन खणांचं कौतुक त्यांना काय असणार? आणि त्या परततात आखाजी-पावसाच्या सुमारास. मी परततो रविवारी संध्याकाळी.

याचं अपराधी वाटून मी पलंग मोडायला निघालो नाही, हेही सांगतो. हौस ही हौस. फक्त ती कुठं आहे याचं भान गाडी देते. पाण्याचंच घ्या. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तो मी पुढच्या सीटमागं रोवतो आणि दोन दिवस जपून वापरतो. हात धुवायला वाटीभर, भांड्यांना आधी राख, मग पाणी. याला मित्र 'कॅम्पिंगची शिस्त' म्हणतात. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण आहे, त्यातून दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळतं, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. वाटीभर पाण्यात हात धुणं तिथं शिस्त नसते. एवढं लिहून मी पुढं जातो, कारण ललित लिहिणाऱ्यानं या आकड्यांवर फार रेंगाळलं की आकडे शोभेचे होतात.

बोहाड्याच्या रात्रीचं मात्र सांगायलाच हवं. उन्हाळ्याच्या तोंडी गावोगाव देवदेवतांची, राक्षसांची सोंगं निघतात. मोठाले रंगीत मुखवटे बांधून, संबळाच्या ठेक्यावर, एकामागून एक, उजाडेपर्यंत. सगळा गाव जागा, पाहुणे जागे, तान्ही पोरंही आईच्या खांद्यावरून टक्क पाहताहेत, आणि मी चांगली चार इंची फोमची गादी घेऊन आलेलो! त्या रात्री माझ्या पलंगावर आलटूनपालटून कुणाकुणाची पोरं निजली. पहाटे दार उघडलं तर आडवी चार, आणि पायाशी बसल्याबसल्या पेंगणारं एक. बांधल्यापासून एवढा चांगला उपयोग त्या फळीचा झाला नव्हता.

आता मूळ मुद्दा. बहुतेक जण मागचा सगळा भाग व्यापणारा पलंग करतात. दिसतो छान. मी तो उजव्या अंगाला दोन फुटांचा केला, आणि दुसरी फळी पट्टी-बिजागरीनं त्यावरच दुमडून ठेवली. दोघं असलो आणि मुक्कामाला पोचलो, की डावी सीट आडवी करायची आणि फळी पोथीच्या पानासारखी उलटायची. चालत्या गाडीत मात्र डावी सीट उभी. मिस्त्रींना ते पटलं नाही. "अर्धवट दिसतं," म्हणाले. दिसतं खरं.

पण या रस्त्यावर हात आडवा येतो. येणारच. कधी परीक्षेला निघालेली आश्रमशाळेची मुलगी, कधी मोगऱ्याच्या कळ्यांची पिशवी घेऊन बाजाराला निघालेला शेतकरी, आणि कधी तापानं फणफणलेलं पोर छातीशी धरलेला बाप, ज्याला जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात पोचायचं असतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीहून एका बाळंतिणीला झोळी करून चालत न्यावं लागलं, रस्ता नव्हता. तिची जुळी बाळं वाचली नाहीत. जिथं रस्ताच नाही तिथं माझी गाडी काय करणार? पण जिथं आहे तिथं १०८ येईपर्यंत जी पहिली गाडी दिसेल तीच रुग्णवाहिका. अशा वेळी काच खाली करून "जागा नाही हो, मागं पलंग आहे" असं म्हणायची कल्पना करून पाहा. तो बाप मागं बसला होता, पोर माझ्या गादीवर आडवं होतं, आणि जव्हार येईपर्यंत तो एका हातानं त्याचा पाय धरून होता. उतरताना त्यानं फळीवर थाप मारून विचारलं, "दादा, ही पेशंटसाठीच केलीय का?" मी हो म्हटलं.

तेव्हा तुम्हीही करा असा पलंग, मोठी गंमत आहे. प्लाय हलकी घ्या, खणांना कड्या लावा, काचेला फट ठेवा, मोहाखाली गाडी लावू नका. आणि मिस्त्रीकडं माप द्यायला जाल तेव्हा पहिल्यांदा हे सांगा की एक सीट उभी राहिली पाहिजे. तिचा पट्टा फळीखाली गाडू देऊ नका.