पांढरीची माती आणि भिंतीतली भोके

औशाहून किल्लारीच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना काळे रान पसरलेले दिसते. गावे मात्र पांढरीवर वसलेली. शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात ते उगीच नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तेरणाकाठची गावेच्या गावे पडली आणि पुढे नव्या जागी वसली. तरी आडवाटेला वळले, की दगडमातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे अजून नांदती आढळतात. उन्हाळ्यात त्यांत जो गारवा लागतो, तो पत्र्याखाली नाही.

या घरांचे दुखणे म्हणजे आतल्या भिंतींना पडणारी भोके. खुंटी उपटते, ओलीने पोपडे सुटतात, आणि जिथे धान्याची पोती भिंतीला टेकवलेली असतात तिथे उंदीर हमखास बीळ करतो. हल्ली घाईत मूठभर सिमेंट कालवून भोक बंद करतात. सिमेंट कडक, भिंत मऊ. दोघांची सोयरीक जमत नाही. ओल सिमेंटमागे कोंडते, कडेची माती भुसभुशीत होते आणि तुकडा आजूबाजूच्या मातीसकट सुटून येतो. भोक होते त्याहून मोठे!

एका घरी आजी नातसुनेला हे काम शिकवत होत्या. मी माती कुठली म्हणून विचारले. “पांढरीतली, साहेब. रानातली काळी भिताडाला चालत न्हाई, वाळली की उलती,” त्या म्हणाल्या. आमच्या पुस्तकांतही हेच आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते.

त्यांची रीत सांगतो. माती चाळून त्यात गव्हाचा भुसा आणि थोडे शेण घालायचे, पायाने तुडवून चार-पाच दिवस मुरू द्यायचे. रोज पाण्याचा हबका मारून पुन्हा तुडवायचे. तोवर भोकातली सुटी माती खरवडून काढायची. बीळ असेल तर उंदीर आत नाही याची खात्री करून दगडाच्या कपच्या आणि फुटक्या काचा खोलवर ठासायच्या. काच हाताळताना हाताला जाड फडके गुंडाळावे. मग कडा ओल्या करायच्या. कोरडी भिंत नव्या मातीतले पाणी ओढून घेते आणि लिंपण धरत नाही. भरण एकदम करू नये. दोन बोटे जाडीचा थर दाबून बसवावा, तो सुकला की दुसरा. शेवटी सारवण आणि वरून पोतारा. पोती मात्र पुन्हा भिंतीला टेकवू नयेत. फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे मांजरालाही फिरता येते.

पण प्रत्येक भोक लिंपणाचे नसते. या भिंती म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती-कपच्यांची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर ते एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते. त्यात गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती टाकलेली, तिचे ओझे वाढतच जाते. १९९३ मध्ये असल्याच भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. म्हणून भिंत फुगलेली दिसली, कोपऱ्यात उभी भेग वरपर्यंत गेली असली किंवा भोकात हात घातल्यावर आतली भर ढासळू लागली, तर लिंपण करून ते झाकू नका. जाणता गवंडी किंवा अभियंता बोलवा, ठिकठिकाणी आरपार दगड बसवून घ्या, माळवदावरची जादा माती उतरवा. आणि हे काम होईपर्यंत त्या खोलीत कोणाचेही अंथरूण घालू नका.